न फुटलेला बांध

तो बांध आणि तो माणूस, दोन्ही माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेले नाहीत. नोकरीत मी चोर पाहिले, लबाड पाहिले, दोन-चार खुनीही पाहिले. पण कोठडीतल्या माणसापुढे आपणच लहान आहोत असं मला एकदाच वाटलं.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, त्या वर्षीचा पावसाळा. मी डिचोली ठाण्यात उपनिरीक्षक होतो. ठाण्यातले रबरी शिक्के अजून केंद्रशासित प्रदेशाचेच होते. हवालदार प्रत्येक कागदावर तेवढे शब्द पेनाने खोडायचा आणि वैतागायचा. भाषेचं आंदोलन नुकतंच शमलं होतं. मराठीवाले काय, कोकणीवाले काय, दोन्हीकडच्या वीरांचे गावोगाव सत्कार चालले होते आणि बंदोबस्ताला आम्ही. वीर म्हटला की तो व्यासपीठावरच असणार, अशी माझी तेव्हा समजूत होती.

एका सकाळी अकराच्या सुमारास एका खाण कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा फोन आला. टेकडीवर खाणीचं गाळपाणी साठवायचं मोठं तळं होतं. त्याच्या एका अंगाला, उताराखाली, पंधरा-वीस घरांचा वाडा. दुसऱ्या अंगाला भातशेतं. पंपावरच्या कामगाराने दहाच्या सुमारास डोझर घालून शेतांच्या बाजूचा बांध फोडला होता. तळं रिकामं झालं आणि वाड्यातल्याच एका विधवेचं सगळं शेत तांबड्या चिखलाखाली गेलं.

"दारू प्यायलाय साहेब, दुसरं काय! आता पळाला असेल गावाकडे," सुपरवायझर म्हणाला.

कामगार सिंधुदुर्गातला. म्हणजे म्हापशाला जाऊन सावंतवाडीची बस धरणार, असा हिशेब करून मी एक शिपाई म्हापशाच्या बसस्टँडवर पिटाळला. तो तिथे प्रत्येक गाडीत डोकावत उभा राहिला. दुपारी वाड्यावरच्या चहावाल्याने निरोप धाडला की तुमचा माणूस सकाळपासून पंपाच्या शेडपुढे बसून आहे, चहासुद्धा घेत नाही. आम्ही गेलो तर तो खरंच तिथे बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. तोंडाला दारूचा वासही नव्हता. जीप पाहून तो आपणहून उठला.

ठाण्यात ती विधवा आमच्या आधी पोचली होती. साठीची बाई, आवाज मात्र खणखणीत.

"म्हजें शेत गेलें सायबा! पोटार पाय दिलो म्हज्या! आनी बांय लेगीत तांबडी केली मेल्यान. फांतोडेर कळसो सोडलो तर उदक तांबडेंच!"

मी शेत लिहिलं, विहीरही लिहिली, पहाटे कळशीला तांबडं पाणी आलं तेही लिहिलं, खाली तिचा अंगठा घेतला आणि कागद फायलीला लावला. मी काय लिहिलं ते माझं मलाच कळलं नाही.

चौकशीला वेळ लागला नाही. गुन्हा त्याने पहिल्याच वाक्यात कबूल केला.

"बांध मियांच फोडलंय, सायबानु. वाड्याच्या बाजून तो आतसून पोकळ झाल्लो. दोन दिस सुपरवायझराक सांगतंय, तो म्हणता पंप बघ. त्या बाजून फुटलो असतो तर वाडो ऱ्हवलो नसतो."

"वाड्याच्या बाजूचा बांध तर मी आत्ताच पाहून आलो. धडधाकट उभा आहे."

"होय. आता पाणीच नाय तर पडात कित्याक?"

मी हसलो. लाज वाटते सांगायला, पण हसलो. पकडलेला प्रत्येक माणूस आपण कुणाच्या तरी भल्यासाठीच केलं असं सांगतो, हा माझा अनुभव होता. "मग लोकांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगीत बसलंय असतंय तर बांध थांबलो असतो?"

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात उभं केलं, चार दिवसांची कोठडी मिळाली. त्या चार दिवसांत त्याच्या बाजूने एक माणूस ठाण्याची पायरी चढला नाही. वाडा तर त्याच्यावर दात खाऊनच होता. त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं ना! आपण वाचलो हे त्यांना कळणार कसं? जे घडलंच नाही त्याचा पंचनामा कोण करणार?

चौथ्या दिवशी सकाळी मी न्यायालयाचे कागद तयार करत होतो. फिर्याद पुन्हा वाचली आणि पेन खाली ठेवलं. बांध फुटला दहाला. मग विहीर पहाटेच तांबडी कशी झाली? आणि ती विहीर शेतात नव्हे, वाड्यात, उभ्या राहिलेल्या बांधाच्या पायथ्याशी होती. म्हणजे तळ्याचं पाणी त्या बांधातून आधीच झिरपत होतं. मी कोरगावच्या शेतकऱ्याच्या घरचा. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांध पोखरतात, वरून गवत हिरवंगार दिसतं आणि एके दिवशी सगळं बसतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तरी मला चार दिवस लागले.

जीप घेऊन थेट वाड्यावर गेलो. बाईला विहिरीची वेळ पुन्हा विचारली. ती म्हणाली, कंत्राटदाराचा माणूस कालच येऊन गेला. विहीर दुपारी तांबडी झाली असं सांगितलंस, तर यंत्र लावून शेत साफ करून देऊ म्हणाला.  तिने चिखलाखालच्या शेताकडे पाहिलं.

"बरय सायबा. फांतोडेर. फट हांव उलोवची ना."

पहाटेच, खोटं मी बोलणार नाही, असा तिचा जबाब लिहून घेतला आणि बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरला बोलावून, दोन पंचांसमोर, बांध तपासला. वाड्याच्या बाजूला गवत बाजूला केलं तर मुठीएवढं भोक. शिपायाने त्यात बांबू घातला. लांबलचक बांबू, एका हाताने ढकलला आणि सगळा आत गेला. ओव्हरसियरने पहार मारली, तशी माती भसकन बसली आणि आत माणूस वाकून उभा राहील एवढी पोकळी दिसली. वर तळ्याकडे पाहिलं, खाली घरांकडे पाहिलं. एका अंगणात पाळणा टांगलेला होता.  अख्खा वाडा त्या पोकळीभोवती जमला होता.

संध्याकाळी मी स्वतः कोठडीचं कुलूप काढलं. "बांबू आत गेला," मी म्हटलं.

"पुरो?"

"पुरा."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. मला वाटलं, सुटकेचा आनंद. मी म्हटलं, "आता सुटलास. मी अहवाल पाठवतो."

"सुटण्याचा काय नाय, सायबानु. चार दिस येकच इचार. बांध फुटणारोच नसलो तर? त्या बायचा शेत मियां फुकट बुडयलंय तर?"

मोठं नुकसान टाळायला वाईट हेतूशिवाय केलेलं नुकसान गुन्हा होत नाही, असं एक कलम आहे, एक्याऐंशी. ते मी आयुष्यात एकदाच वापरलं. कंत्राटदाराने त्याला कामावरून काढलं. पुढच्या आठवड्यात त्या रस्त्याने गेलो, तर तो विधवेच्या शेतात चिखल उपसत होता आणि ती कडेला उभी राहून, फावडं कसं धरायचं यावरून त्याला झापत होती. दोघांपैकी कोणाचाच सत्कार झाला नाही. मीही कुणाला सुचवला नाही. कुठल्या तोंडाने सुचवणार?

शूर माणसाला आपण बरोबर आहोत याची खात्री असते, असं मी समजत आलो होतो. व्यासपीठावरच्या सगळ्यांना ती होतीच. या माणसाला नव्हती. चुकलो तर जन्मभर एका विधवेच्या शेताचं पाप आपल्या माथी, आणि बरोबर ठरलो तर ते कुणाला कळणारही नाही, एवढं जाणून तो डोझरवर चढला. मी तिथे असतो तर चढलो नसतो.