महिनाभर आधी

तिला सगळे ‘सावकाश’ म्हणतात. पेशंटला कुशीवर वळवताना, बसवताना, उभं करताना तिच्या तोंडी हा एकच शब्द असतो, तोही ओढून ओढून, ‘साऽवकाश’. स्वतः मात्र ती चालते बस सुटत असल्यासारखी, जेवते उभ्यानं आणि उत्तर देते ते समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत. म्हणजे नावात आणि माणसात छत्तिसाचा आकडा.

तिला एक वाईट खोड आहे. ती काम चांगलं करते. हसू नका, तिच्या धंद्यात ही खोड फार महागात पडते. घरोघरच्या आजारी आणि म्हाताऱ्या माणसांकडे बायका पाठवणारा एक ब्युरो आहे, त्याच्याकडून ती कामं घेते. सकाळी आठ ते रात्री आठ, रविवार धरून. सुट्टी हवी तर बदली बाई आपली आपण शोधून द्यायची. गेल्या सतरा वर्षांत तिनं अकरा माणसं पायांवर उभी केली आणि अकरा वेळा तिचं काम गेलं. म्हातारं गेलं तरी काम गेलं, म्हातारं उठलं तरी काम गेलं. रात्री निघताना ती चपला घालत असली की घरातलं कुणीतरी मागून येतं आणि म्हणतं, ‘मावशी, उद्यापासून नाही आलात तरी चालेल हं, आता ते आपलं आपण करतात.’ एका घरानं फुलांचा गुच्छ दिला. एका घरानं केक दिला. केक हातात धरून बेकार झालेली बाई बसमध्ये कशी दिसते ते तिला विचारा. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण ज्यानं केली त्यानं निदान वैद्याची फी तरी बघितली असेल, मावशीला तर म्हणीतसुद्धा जागा नाही.

ब्युरोतली तिची मैत्रीण आहे, तिला ‘टीव्हीवाली’ म्हणतात. ती एकाच घरात नऊ वर्षं आहे. तिचा पेशंट पहिल्याच वर्षी चालला असता, पण तिनं त्याला कधी उठवलंच नाही. उशी नीट करते, सूप भरवते आणि दोघं मिळून मालिका बघतात. घरचे तिच्यावर खूश. ‘तू वेडी आहेस,’ ती सावकाशला म्हणते. ‘त्यांना चालवतेस आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस.’ सावकाशला हे पटतं. पटतं आणि तरीही जमत नाही, याचा तिला स्वतःचाच राग येतो.

मागच्या वर्षी तिच्या लेकीची कपड्यांच्या दुकानातली नोकरी गेली. लेक घरी येऊन रडत बसली. सावकाश तिचे डोळे पुसायचं सोडून तिच्या हातातला कागद वाचत होती. त्यावर तारीख होती, सही होती, शिक्का होता आणि लिहिलं होतं की आजपासून एक महिन्यानं आपली सेवा थांबवण्यात येईल. तिनं तो दोनदा वाचला. ‘महिनाभर आधी सांगतात तुम्हाला?’ तिनं विचारलं. लेक म्हणाली, ‘अगं, काढलंय मला!’ ‘हो गं, पण महिनाभर आधी!’ काढून टाकल्याच्या पत्राचा हेवा करणारी आई लेकीनं पहिल्यांदाच बघितली.

त्यानंतर तिला पीटीच्या बाईंचं घर मिळालं. पंचावन्न पूर्ण झालेल्या बायकांना ब्युरो नव्या घरी पाठवत नाही आणि सावकाशला चोपन्न संपत आलेलं. हे घर सुटलं तर दुसरं नाही, निदान ब्युरोकडून नाही, आणि आपलं आपण दुसरं दार शोधायला वेळ लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी तिनं बाईंच्या सुनेला सांगितलं, ‘वहिनी, काम संपवायचं झालं तर मला महिनाभर आधी सांगा. लिहून दिलंत तर बरं.’ वहिनी गोड हसल्या. ‘अहो मावशी, आपण काय कंपनी आहोत का? तुम्ही घरच्याच.’ सावकाशनं एवढ्या घरांतून हे ऐकलंय की घरच्या म्हटलं की तिला पुढचा केक दिसायला लागतो.

बाईंनी शाळेत तेहतीस वर्षं कवायत शिकवली होती. आता घसरून खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, पण आवाज जागेवर होता. ‘डावीकडे वळव म्हटलं ना? डावं उजवं कळत नाही?’ असं त्या सावकाशवर ओरडायच्या. ‘तुमचं डावं की माझं?’ सावकाश विचारायची. आठवड्याभरात दोघींचं सूत जमलं. तीन महिन्यांत बाई वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत जायला लागल्या. सगळं घर टाळ्या वाजवायला जमलं होतं.

आणि मग बाई अडल्या. उभं केलं की पाय लटपटत, खाली बसत. डॉक्टर म्हणाले, वय आहे. सावकाश पुन्हा पहिल्यासारखी त्यांचं सगळं वजन अंगावर घेऊ लागली, पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर, खुर्चीवरून पलंगावर, दिवसातून आठ वेळा. बाई काही फुलासारख्या नव्हत्या. या उचलाउचलीच्या दुसऱ्या महिन्यात सावकाशच्या कमरेत अशी कळ भरली की घरी गेल्यावर लेकीला तिच्या चपला काढाव्या लागत. तिनं वहिनींना सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, ‘मलमाची ट्यूब आहे ना आईंची, ती लावा थोडी.’

एका दुपारी ती खाली औषधांच्या दुकानात डायपर आणायला गेली. परत येताना इमारतीच्या आवारात मुलं दोरीवरच्या उड्या मारत होती आणि वरून कुणीतरी त्यांना झापत होतं, ‘अगं गुडघे वाकव! टाचांवर काय उतरतेस, दगड आहेस का?’ हा आवाज ओळखीचा होता. सावकाशनं मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत पीटीच्या बाई उभ्या होत्या. पलंगापासून खिडकी चांगली आठ पावलं होती.

ती जिने चढून वर आली तेव्हा बाई पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या, धापा टाकत.

‘कधीपासून चालताय?’

बाईंनी एक डोळा उघडला. ‘झाले सहा-सात आठवडे.’

सावकाशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘आणि मी दिवसाला आठ वेळा उचलते ते काय तालीम म्हणून?’

‘ओरडू नकोस. सून फोनवर बहिणीला सांगत होती. आई दारापर्यंत आल्या, आता दोन आठवड्यांत मावशींना सांगून टाकू. मला ऐकू येत नाही असं वाटतं त्यांना.’ बाई उठून बसल्या, छान, एकट्या. ‘तुझ्यासाठी पडून राहिले मी. एवढी वर्षं कवायत घेतलेली बाई मी, पडून राहायला काय त्रास होतो ते तुला कळायचं नाही.’

‘माझी कमर गेली बाई! मला एकदा विचारलंत तरी का?’

‘विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?’

‘नाही.’

‘मग? विचारून काय उपयोग होता?’

आजवर कुठल्याच पेशंटनं सावकाशसाठी असं काही केलं नव्हतं, याचं तिला अप्रूप वाटत होतं. आणि तिच्याबद्दल ठरवताना तिला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं, ही रीत मायेच्या माणसानंही मोडली नाही, याचा संताप त्याहून मोठा होता. ती डायपरचं पाकीट कपाटात कोंबत राहिली.

‘मला तुमचं पडून राहणं नको,’ ती शेवटी म्हणाली. ‘मला महिनाभर आधी कळायला हवं. कागदावर. तेवढ्यात मी दुसरं काम बघेन.’

‘एवढंच ना?’ बाईंना हुरूप आला. ‘नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. रविवारी सगळे घरी असतात. मी चालून दाखवते आणि तिथल्या तिथं सही मागते. वही आण.’

शाळेच्या सूचनाफलकावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात बाईंनी लिहिलं: ‘मावशींचं काम थांबवायचं झाल्यास त्यांना महिनाभर आधी लेखी कळवू.’ खाली सहीसाठी रेघ आखली, पट्टी लावून.

रविवारी दुपारी मुलगा, वहिनी आणि नात जेवायला बसली असताना बाई वॉकर टेकवत खोलीतून बाहेर आल्या. सावकाश मागे, हात न लावता. टेबलापाशी एकच गोंधळ उडाला. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. नातीनं फोन काढला. ‘आजी, परत दारापासून ये ना, सुरुवातीचं आलंच नाही!’ बाई परत दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला. ‘यावर सही कर आधी.’

‘करतो गं, आधी बस तू,’ मुलगा म्हणाला. वहिनींनी सावकाशला मिठी मारली. ‘मावशी, तुमचे उपकार कसे फेडू? दमलात हो तुम्ही पण. आता बुधवारपर्यंत या, म्हणजे आमचीही सोय लागेल. मग मोकळ्या तुम्ही.’

‘वहिनी, तो कागद बघा ना.’

वहिनींनी वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा उतरलं. ‘घरच्या माणसांत असले कागद करतात का मावशी? वकील लावल्यासारखं वाटतं.’

‘माझ्या लेकीला दुकानानं महिनाभर आधी दिलं. ते तर तिला घरचीही म्हणत नव्हते.’

‘तिथं कायदा असतो,’ मुलगा समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. ‘इथं आपण माणसं आहोत.’ त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. या घरात कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं, तीच तर पंचाईत होती. भांडायचं कुणाशी?

‘बरं तर,’ बाई म्हणाल्या, आणि वॉकर धरून हळूहळू सरळ जमिनीवर बसल्या. सावकाश ओरडली, ‘बाई, नको!’ ऑपरेशनचा पाय आत वळला तर खुबा निखळतो, हे तिनं त्यांना शंभर वेळा सांगितलं होतं.

‘सही होईस्तोवर उठत नाही,’ बाई खालून म्हणाल्या. ‘आणि सावकाश, तू हात लावायचा नाहीस. तुझा आज संप.’

सावकाशनं हात पाठीमागे धरले. सतरा वर्षांत ती पहिल्यांदा नुसती उभी होती. मुलगा पुढं झाला, आईच्या बगलेत हात घालून त्यानं वर ओढलं. जमेना. ‘मावशी, या ना जरा!’ ती हलली नाही. वहिनी घाबरल्या, फळीवरचं पेन घेतलं. ‘अहो, करते मी सही, करते, पण आधी कुणीतरी उठवा त्यांना!’ त्या कागदावर वाकल्या, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मुलानं पुन्हा हिसका दिला, बाईंचा ऑपरेशनचा पाय खाली अडकला आणि आतल्या बाजूला वळू लागला. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या ओरडल्या नाहीत, ओठ दाबून सावकाशकडे बघत राहिल्या, येऊ नकोस म्हणून.

ती गेली. मुलाला खांद्यानं बाजूला सारलं, पाय सरळ केला, गुडघे वाकवून बाईंच्या पाठीमागून हात घातले, ‘साऽवकाश’ म्हणाली आणि उचलून खुर्चीत बसवलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. कमरेतून अशी कळ निघाली की तिला टेबल धरावं लागलं.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि ते फळीवर ठेवून दिलं.

‘जरा थांबली असतीस तर सही झाली असती,’ बाई दातओठ खात कुजबुजल्या.

‘खुबा निखळला असता.’

‘निखळू द्यायचा.’

‘तो मी चालता केलाय,’ सावकाश म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. वहिनींना वाटलं, भीतीनं.

मुलानं तिला पाणी दिलं. ‘बघितलंत, तुमच्याशिवाय होत नाही. बुधवारचं राहू दे. येत जा तुम्ही.’

‘कधीपर्यंत?’

‘बघू ना मावशी. तुम्हाला काय आम्ही वाऱ्यावर सोडणार आहोत?’

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती आली तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तिनं पडदा सारला, त्यांची पाठ पुसली, चहा दिला आणि वॉकर पलंगाला भिडवला.

‘मी उठायची नाही,’ बाई म्हणाल्या. ‘मी उठले की ते तुला काढतील.’

‘काढतील.’

‘मग कशाला उठवतेस?’

‘पडून राहिलात तर पाठीला जखमा होतील, आणि त्या मला बघवणार नाहीत. दुसरं मला काही येत नाही बाई, आलं असतं तर केलं असतं.’ तिनं एका हातानं स्वतःची कमर दाबली आणि दुसरा त्यांच्यापुढं धरला. ‘उठा. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय.’