पाय न टेकता कात्रज

सायकलवाल्यांकडे इतके किस्से का साचतात, याचं कारण साधं आहे. चढ संपला की पुढचे थांबतात आणि मागच्याची वाट बघतात. वाट बघताना दुसरं काही काम नसतं, म्हणून मागच्याविषयी बोलतात. आमच्यात मागचा कायम सुहास असायचा. त्यामुळे आमचे बहुतेक किस्से सुहासचे आहेत, त्याला माझा इलाज नाही.

आमच्यात म्हणजे तिघांत. बिबवेवाडीतल्या एकाच सोसायटीतले आम्ही. जोशीकाका बँकेतून रिटायर झालेले. सुहास आणि मी एकाच सॉफ्टवेअर कंपनीत. मी मूळचा अकोल्याचा. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा उड्डाणपूल. त्यामुळे काका प्रत्येक वळणावर मागे बघून "काय विदर्भ, आहात ना?" असं विचारायचे. दर रविवारी सकाळी कात्रजचा जुना घाट, वर बोगद्यापाशी चहा आणि परत, एवढाच आमचा कार्यक्रम.

सुहासचं मात्र आमच्यासारखं नव्हतं. आम्ही पोट कमी करायला जायचो, तो घराण्याची अब्रू राखायला! त्याचे वडील, आबा, तरुणपणी पुण्यात कारखान्यात होते आणि गाव घाटापलीकडे. दर शनिवारी सुटी झाली की काळी, बिनगिअरची सायकल, कॅरिअरला आठवड्याचा बाजार, आणि घाट चढून घरी. ही गोष्ट त्यांच्या भावकीत प्रत्येक लग्नात निघायची. चुलते सुहासच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "तुझा बा बाजार घिऊन घाट चढायचा, पाय म्हनून टेकवत नव्हता. आन् तू पहिल्या मजल्यावर लिफ्टनं जातूस!"

सुहास हसायचा, पण ते त्याला लागायचं. एकदा तरी पाय न टेकता घाट चढायचा आणि मगच आबांना सांगायचं, असं त्याने ठरवून टाकलं. तोवर घरात विषय काढायचा नाही.

*

त्यासाठी त्याने हार्डटेल माउंटन बाइक घेतली. हार्डटेल म्हणजे पुढे शॉक, मागे काही नाही. आबांना वाटलं, डॉक्टरने व्यायाम सांगितला असेल. ते पार्किंगमध्ये आले आणि त्यांनी हँडल दाबून पाहिलं.

"पुढनं दबती व्हय रं?"

"हो आबा. खड्ड्यात धक्का बसत नाही."

"आन् मागनं?"

"मागे शॉक नाहीये. मागे बसतो धक्का."

आबांनी एकदा सीटकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. "आन् आपुन बसायचं कुठं?"

*

थोड्या दिवसांत सुहासला कळलं की सायकलीबरोबर आलेला शॉक जड आहे. त्याने हवेवर चालणारा, हलका शॉक मागवला. त्याला जुने ब्रेक बसेनात, म्हणून डिस्कब्रेक घेतले. डिस्क लावायला जुन्या चाकात सोय नव्हती, म्हणून चाक बदललं. पुढचं चाक नवं आल्यावर मागचं कसंतरीच दिसायला लागलं. ऑफिसात आम्ही असल्या प्रकाराला 'डिपेंडन्सी' म्हणतो आणि क्लायंटच्या गळ्यात मारतो. इथे क्लायंट सुहासच होता.

करता करता चेन, गिअर, हँडल, सीट, सगळं बदलून झालं. जुन्यातली फक्त फ्रेम उरली. जोशीकाकांनी सायकलीभोवती सावकाश एक चक्कर मारली.

"थोडक्यात म्हणजे सुहासराव, आपण नवीन सायकल घेतलीत," ते म्हणाले, "किरकोळीत!"

त्या रविवारी सुहासने अर्ध्या घाटात पाय टेकला. नेहमीच्याच वळणावर.

*

त्याच वळणाची गोष्ट. बायपासला नवा बोगदा झाल्यापासून जुन्या घाटाला ट्रक तसे कमी, पण असतात. सुहास सगळ्यात हलका गिअर टाकून, तोंड उघडं ठेवून चढत होता. त्या दिवशी त्याला सोबत म्हणून मी मागेच राहिलो होतो. शेजारून विटांचा एक ट्रक रखडत निघाला. ट्रकच्या मागच्या साखळीला डाव्या हाताने धरून एक टोपीवाले गृहस्थ आपल्या जुन्या सायकलवर निवांत बसले होते. हँडलला जेवणाचा डबा. पाय पेडलवर, पण पेडल जागच्या जागी!

सुहासच्या बरोबरीला आल्यावर त्यांनी काळजीने विचारलं, "पावनं, पंक्चर हाय का?"

आणि गेले पुढे.

बोगद्यापाशी सुहास जाम तापला होता. "ह्याला काय अर्थ आहे? असं वर येण्यापेक्षा मी सायकल खांद्यावर घेऊन येईन!"

"गिअर एकच होता त्यांच्याकडे," काका चहा फुंकत म्हणाले, "पण चांगल्या कंपनीचा."

*

मग वजनाचं वेड लागलं. सुहासच्या बायकोने, मेधावहिनींनी, केकसाठी आणलेला किचनमधला वजनकाटा गायब झाला. शोधला तर गॅलरीत सापडला. त्यावर पेडल, शेजारी नटबोल्ट.

रात्री मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. पानं वाढून झाल्यावर वहिनींनी तोच काटा पुसून सुहासच्या ताटाशेजारी ठेवला आणि त्यावर त्याच्या पोळ्या ठेवल्या.

"अगं, हे काय?"

"खालचा भाग हलका करून झाला ना?" वहिनी म्हणाल्या. "आता वरचा घेऊ!"

*

क्लिपच्या बुटांची कल्पना तर खास सुहासची. हे बूट पेडलमध्ये खटकन अडकतात. बाकीचे लोक ताकद वाया जाऊ नये म्हणून घेतात. सुहासचं लॉजिक वेगळं होतं. "पाय अडकलेलाच असेल, तर टेकणार कसा?" कोड लिहिणाऱ्या माणसाला हे बरोबर वाटतं, मलाही वाटलं.

घाट लांबच राहिला. पहिल्याच सिग्नलला लाल दिवा लागला. सुहास थांबला. पाय सोडवायचा राहिला. दोन्ही पाय पेडलला, दोन्ही हात हँडलला, अशा अवस्थेत तो सायकलीसकट डावीकडे कलत कलत एका रिक्षाच्या शेजारी आडवा झाला. रिक्षावाल्याने मीटर बंद केलं आणि खाली उतरून बघितलं.

जोशीकाकांनी वाकून तपासणी केली. "नियमाप्रमाणे पाय टेकलेला नाही," ते म्हणाले. "बाकी सगळं टेकलंय!"

*

आणि मग तो रविवार. सुहासने त्या आठवड्यात सायकलीचं काहीच बदललं नव्हतं. तो सरळ निघाला. नेहमीचं वळण आलं, गेलं. मी मुद्दाम मागे राहिलो होतो आणि मला बोलायची भीती वाटत होती. पुढच्या वळणावर समोरून आलेल्या एसटीने त्याला कडेच्या खडीत दाबलं. पुढचं चाक घसरलं, डावा बूट पेडलमधून सुटला आणि खाली आला. जमिनीपासून वीतभर. तिथेच थांबला, परत वर गेला.

बोगद्याच्या तोंडाशी काका उभे होते. एरवी कौतुकाला महाग माणूस. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "शाब्बास." पुढे काहीच जोडलं नाही. सुहास कठड्याला टेकून चक्क रडला. आम्ही दोघं दरीकडे बघत बसलो. खरं सांगायचं तर मलाही भरून आलं होतं.

परत येताना तो मला ओढूनच घरी घेऊन गेला. आबा गॅलरीत मेथी निवडत बसले होते. सुहास बुटासकट त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"आबा, आज कात्रजचा घाट चढलो. सायकलवर. खालपासून बोगद्यापर्यंत. एकदाही पाय टेकला नाही, तुमच्यासारखा!"

आबांनी मेथीची जुडी खाली ठेवली. उठले. त्याच्या घामेजल्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते.

"भले रं माझ्या वाघा," ते म्हणाले. मग त्याला शेजारी बसवून घेतलं आणि हौसेने विचारलं, "ट्रक कुठला गावला?"