अल्पसा आजार

आमच्या जिल्ह्यातल्या निधनवार्तांत माणसं दोनच कारणांनी मरतात: अपघाताने किंवा अल्पशा आजाराने. वाशीमच्या एका दैनिकात मी वीस वर्षं या वार्ता लिहिल्या. त्यांत माझ्या दोन आत्यांच्याही आहेत. दोघी पित्ताशयाच्या कर्करोगाने गेल्या. काका म्हणाले, "रोगाचं नाव नको टाकू." मी टाकलं नाही.

पुढे अनसिंगच्या धाकट्या आत्याच्या पित्ताशयात खडे निघाले. जेवण झालं की पोटात कळ यायची. पण काकांच्या मुलीची सोयरीक मंगरूळपीरला जुळली होती. ऑपरेशन लग्नानंतर, असं काकांनी ठरवलं. पोट आत्याचं होतं.

मी आणि काका आत्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला पित्ताशयाचा कॅन्सर झाला होता?"

काका तयारीने आले होते. सोयरिकीसाठी कुळी, देवक, मामकूळ अशी सगळी माहिती त्यांनी एका फाइलीत ठेवली होती. तिच्यातून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली दोन कात्रणं काढली.

"नाही साहेब. दोन बहिनी गेल्या, पन अल्पशा आजारानं. पेपरात छापून आलं हाय."

डॉक्टरांनी दोन्ही वाचली. "मग लग्न उरकून या."

"त्या बातम्या मी लिहिल्या आहेत," मी म्हणालो. "दोघींनाही पित्ताशयाचा कॅन्सर होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. जनुकांतले काही फरक घराण्यात उतरतात आणि त्यांमुळे या कर्करोगाचा धोका वाढू शकतो, असं ते म्हणाले. तो होईलच असं नाही. पण खडे आहेत, त्रास आहे आणि दोन सख्ख्या बहिणी गेल्या आहेत, तेव्हा थांबू नका.

बाहेर येताच काका माझ्यावर घसरले. "काहून बोलला बे तू? व्याह्याले कळलं तं? यायच्या रक्तातच हाय म्हनतीन! पोरीचं लगन मोडतं का?"

आत्या बाकावर बसली होती. "दादा, हळदीले मी जित्ती पायजे का फोटोत?"

ऑपरेशन हळदीच्या आधी झालं. काढलेलं पित्ताशय तपासलं. त्यात कर्करोग निघाला नाही. मंगरूळपीरला काकांनी कळवलं की बहिणीला अल्पसा आजार आहे.

व्याही डझनभर केळी घेऊन भेटायला आले. तब्येत विचारली, पावसापाण्याचं बोलले. आजार कोणता, हे विचारलं नाही. त्यांच्या आईची निधनवार्ताही मीच लिहिली होती.