नंबर घातलेली झाडं

कोणत्याही झाडाजवळ गेल्या की मॅडम आधी त्याला पाठ लावून ताठ उभ्या राहायच्या. त्यांच्या शर्टाच्या बाहीला, खांद्याच्या जरासं खाली, एक साधी सेफ्टी पिन टोचलेली असायची. झाडाचा घेर जमिनीपासून ज्या उंचीवर मोजतात, बरोबर त्या उंचीवर ती पिन यायची. पिनेच्या रेषेत खोडावर खडूची खूण करायची, टेप गुंडाळायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. मी तो वहीत लिहायचा. पुस्तकात या उंचीला छातीची उंची म्हणतात. मॅडम चांगल्या उंच होत्या, त्यांना पिन पुरायची. माझ्या बाबतीत ती उंची हनुवटीवर येते, तिथे पिन कुठे टोचणार?

मॅडम जंगलाचा अभ्यास करायच्या. सुरगाण्याकडच्या एका डोंगरावर, राखीव जंगलात, त्यांनी रीतसर परवानगीने एक मोठा चौकोन आखून घेतला होता. त्यातलं प्रत्येक झाड दरवर्षी दिवाळीनंतर मोजायचं. कोणतं वाढलं, कोणतं अडलं, कोणतं मेलं. मी त्यांचा मदतनीस म्हणून लागलो तेव्हा या मोजणीला दहाएक वर्षं होऊन गेली होती. मॅडमचे वडील नामपूरच्या कांदा मार्केटात मापाडी होते. "आमच्या घरात मापात खोट चालत नाही," असं त्या म्हणायच्या आणि मी चुकून पाचाचा सहा लिहिला की त्यांची बागलाणी बोली बाहेर यायची, "काय करी ऱ्हायना रे?"

त्यांची दुसरी सवय मात्र माझा जीव खायची. जंगलात कोणीही भेटो, सरपण गोळा करणाऱ्या बायका, गुराखी, जावयाच्या गावाला निघालेला म्हातारा, त्याने "काय करता?" विचारलं की मॅडम टेप खाली ठेवायच्या आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायच्या. झाड का मोजतो, दरवर्षी तेच का मोजतो, पाऊस कमी झाला की खोड कसं अडतं. अर्धा तास गेलाच म्हणून समजा. ऐकणारा मान डोलावून निघून जायचा आणि मी घड्याळ बघत बसायचो.

"मॅडम, याला काय कळणार?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"कळणं त्याच्याकडे. विचारतोय, तर सांगायला हवं," त्या म्हणाल्या आणि टेप उचलला.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही माझ्यासारखंच हसून सोडून दिलं असतं.

झाडांना तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर नंबर असायचे. पट्ट्या चमकायच्या, त्यामुळे टिकायच्या नाहीत. एकदा तर वाटेवर एका बकरीच्या गळ्यात आमचा एकशे बारा नंबर झुलत होता. मॅडमनी बकरीकडे नीट पाहिलं. "हिचा घेर घेऊया का? नाहीतर वहीत रकाना रिकामा राहील." त्या दिवशी आम्ही डोंगर उतरेपर्यंत हसत होतो.

पट्ट्यांऐवजी सरळ ऑइलपेंटने नंबर घालू, ही कल्पना माझी. मॅडमना झाडाला रंग फासणं आवडत नव्हतं, पण दरवर्षी निम्मा वेळ पट्ट्या शोधण्यात जायला लागल्यावर त्या तयार झाल्या. नेमकं तेव्हाच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी एकटाच डबा आणि ब्रश घेऊन गेलो. तीन दिवस लागले. मधोमध एक जुना सादडा होता, त्याच्यावर आग्या मोहोळ बसलं होतं. तेवढं एक झाड मी सोडलं.

तिसऱ्या दिवशी डोंगराखालच्या पाड्यावरचे एक बाबा आले. दरवर्षी आम्हाला बिनदुधाचा चहा पाजायचे ते. रंगाकडे बघत त्यांनी विचारलं, "भाऊ, हे कशापायी?"

हात दुखत होते, वर माश्या घोंघावत होत्या आणि मला संध्याकाळची बस गाठायची होती.

"सरकारी काम आहे, बाबा," मी म्हणालो. ते मान डोलावून गेले.

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही वर चढलो. शेवटचं वळण घेतलं आणि मॅडम थांबल्या. समोर उजेड होता, तिथे नसायला हवा होता तेवढा. चौकोनाबाहेरचं जंगल जसंच्या तसं उभं होतं. आतली झाडं गेली होती. गुडघ्याएवढी खोडं उरली होती आणि मधोमध तो एकटा सादडा. मी नंबर घातलेलं एकही उभं झाड त्या चौकोनात नव्हतं.

मॅडम एका बुंध्यावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "रंग लावताना तुला कोणी काही विचारलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

खाली पाड्यावर गेलो. बाबांनी काही लपवलं नाही. खालचा रस्ता रुंद करायला घेतला, तेव्हा कडेच्या झाडांवर असेच नंबर पडले होते. पंधरा दिवसांत झाडं गेली, लाकूड ठेकेदाराने नेलं, पाड्याला काटकी मिळाली नाही.

"नंबर पडला म्हंजे झाड गेलंच ना बाई. मंग म्हनलं, ठेकेदार नेनार, त्यापरीस आपल्या घराला खांब तरी व्हतील. आमाला काय ठाव? या भाऊला इचारलं व्हतं मी. सरकारी काम हाय, म्हनला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र जमिनीत जागा शोधत होतो.

"चुकलं आमचं, बाबा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बाबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. नंबर कशासाठी असतो, तेच झाड दरवर्षी का मोजायचं, पाऊस कमी झाला की खोड कसं अडतं. अर्धा तास. बाबा ऐकता ऐकता डोक्यावरची टोपी काढून हातात धरून बसले होते. ज्या घरात आम्ही बसलो होतो, त्याचे खांब नवे होते. एकावर माझ्या हातचा सत्तेचाळीस अजून दिसत होता.

तक्रार करायची का, असं मी परतताना विचारलं. "कसली? आपल्या नंबरांवर विश्वास ठेवला म्हणून?" एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही परत जाऊन बुंधे मोजले. वहीत मेलेल्या झाडापुढे कारण लिहायचा रकाना असतो. तो त्यांनी माझ्याकडून लिहून न घेता स्वतः भरला. प्रत्येक ओळीत, एकही ओळ न गाळता, "आम्ही सांगितलं नाही." तू नाही, आम्ही. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं.

पुढच्या वर्षी कामाला मंजुरी मिळाली नाही. मोजायला काही उरलंच नव्हतं. मॅडम निवृत्त झाल्या आणि वर्षभरात आजारी पडल्या. गंगापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटवर मी शेवटचा गेलो, तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. पाठीला बाक आला होता. पिन लावली असती, तर ती कुठल्या कुठे खाली गेली असती.

बरेच दिवस स्वतःच्या तोंडाने सांगायचं राहिलेलं मी बोललो. "मॅडम, बाबांनी मला विचारलं होतं."

"माहीत आहे. त्यांनी सांगितलं की." त्या म्हणाल्या. "त्यांना घाईत उत्तर दिलंस, ते मी समजू शकते. पण नंतर मी विचारलं होतं, अरे. मला तरी सांगायला हवं होतंस."

त्यांनी चहा करायला सांगितलं, मी केला. तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

आता दिवाळीनंतर मी एकटाच वर जातो. मला कोणी पाठवत नाही. सादड्याला पाठ लावतो, हनुवटीच्या उंचीवर खडूची खूण करतो, टेप गुंडाळतो आणि आकडा मोठ्याने सांगतो. त्याच्यावर नंबर नाही, मी घालणारही नाही. मग टेप खाली ठेवून बुंध्यावर बसून राहतो. बाबा आता नाहीत. पाड्यावरच्या बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन शेजारून जातात, माझ्याकडे बघतात आणि पुढे जातात. मला सगळं पहिल्यापासून सांगता येतं, अर्धा तास पुरेल एवढं. विचारत कोणी नाही.