काचेच्या खोलीतल्या बाई

माझी ताई कान तपासते. बाहेरचा आवाज आत न शिरणारी एक छोटी काचेची खोली, आणि बाहेर यंत्रापाशी ताई. लोक म्हणतात, तिच्या हाताला गुण आहे. मी तिचा धाकटा भाऊ, त्यामुळे मला तिची खुन्नसही ठाऊक आहे.

शाळेत ताईला वाचता येत नसे. बाई शुद्धलेखन सांगायच्या आणि हिला जवळजवळचे आवाज एकसारखेच वाटायचे, वर्गात गलका असला की जास्तच. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. झालं, पोरगी सोंग करते असं बाईंनी ठरवलं आणि शिक्षा म्हणून तिला शेवटच्या बाकावर, रस्त्याकडच्या खिडकीशी बसवलं. चार वर्षं! त्या बाईंना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आपल्याला डिस्लेक्सिया होता, हे ताईला या कामात पडल्यावर कळलं. शब्दातले आवाज सुटे पकडता येत नाहीत म्हणून अक्षर बसत नाही, आणि अक्षर बसत नाही म्हणून कान तयार होत नाही. दोन्ही एकमेकांचे पाय ओढतात.

गेल्या महिन्यात त्याच बाई सुनेला आणि सात वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. ताईला त्यांनी ओळखलं नाही. हिला रोज दोन तास वाचायला घेऊन बसते, फटकेही देते, तरी पोरगी ढिम्म, असं सांगत होत्या. नात आईच्या मागे लपली होती. तपासणीत तिनं बारीकसारीक शिट्ट्या सगळ्या टिपल्या, पण मागे गर्दीचा आवाज लावून शब्द म्हणायला सांगितल्यावर विसातले अकरा चुकले.

"आजींचंही बघू," म्हणत ताईनं बाईंना आत बसवलं. गलका लावला आणि मुद्दाम वाढवत नेला. म्हाताऱ्या कानांना तो झेपेना. सून आणि नात बघत असताना बाई चुकत गेल्या, आणि ताई दर चुकीला माइकवर म्हणत राहिली, "लक्ष नाही तुमचं."

बाई तणतणत बाहेर आल्या. "अहो, एवढ्या गोंगाटात कुणाला कळेल?"

"मलाही कळत नव्हतं, बाई. तुम्ही मला खिडकीशी बसवलं होतंत."

 ताईनं अहवाल लिहिला: वर्गात पहिला बाक, खास शिक्षिका, आणि खाली ठळक अक्षरांत, घरी आजीनं शिकवू नये. तो तिनं बाईंनाच मोठ्यानं वाचायला लावला. सुनेनं कागद हातातून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

मी ताईला विचारलं, हा सल्ला होता की सूड?

"सूड," ती म्हणाली. "त्यात पोरीचं भलं होत असेल तर होऊ दे."