कोंडीरामाचं नाव नको

बोरजाईवाडीच्या मंजुळाबाई सवाष्ण की विधवा, याचा निकाल गावाला काही लावता आला नव्हता. लढाई चालू होती तेव्हा ब्रह्मदेशातून सरकारी तार आली होती. तिच्यात मंजुळाबाईंचा नवरा ‘बेपत्ता’ आहे एवढंच लिहिलं होतं. त्याच घरातला त्याचा थोरला चुलतभाऊ ज्योतीराम इटलीत पडला, त्याची तार मात्र स्वच्छ होती. लढाई संपली, इंग्रज गेले, पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला, वाडीतली तरणी पोरं सायकली मारत तिकडे कामाला जाऊ लागली; मंजुळाबाईंचं कुंकू जागच्या जागी होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही घरं त्यांना बोलवायची, काही घरं विसरल्यासारखं करायची. बोलावणं आलं तिथं त्या मुकाट जायच्या. जिथून येत नसे, त्या घरी दुसऱ्या दिवशी शेतातला हरभऱ्याचा डहाळा मुद्दाम पाठवायच्या. “सवाष्णीच्या हातचा हाय म्हनावं, गोड लागंल,” असा निरोपही जायचा.

घरात दोघीच. मंजुळाबाई आणि ज्योतीरामाची आई ठकुबाई, म्हणजे त्यांची चुलतसासू. चूल एक, कपाळं दोन तऱ्हेची. ठकुबाईंनी कधी त्या कुंकवाला नावं ठेवली नाहीत, आणि कधी ‘येईल हो तो’ असंही म्हटलं नाही.

शाळेची नवी इमारत झाली त्या वर्षी पंचायतीकडे अर्जांचा पाऊस पडला. एकाला मुलींसाठी वेगळी खोली हवी होती. आबाजींना शेत नांगरताना तोफेचा जुना गोळा सापडला होता. तो शाळेत काचेच्या कपाटात मांडावा, गावाचं संग्रहालय तिथून सुरू करावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सरपंच हिंदुराव म्हणाले, “आबा, कालपर्यंत त्याच गोळ्यानं तुमच्या घरचे मिरच्या वाटत होते. आधी धुऊन तर आणा.” सगळे हसले. हसू ओसरल्यावर दाराशी बसलेल्या ठकुबाई म्हणाल्या, “माझ्या ज्योतीचं नाव गावात कुठंतरी असू द्या. त्याला माती न्हाई मिळाली हितली.”

तिथंच ठराव झाला: लढाईत कामी आलेल्या वाडीच्या जवानांची नावं कोरून शाळेच्या दर्शनी भिंतीत दगड बसवायचा.

त्या यादीत आपल्या नवऱ्याचंही नाव घातलंय, हे मंजुळाबाईंना पाणवठ्यावर कळलं. हातातली कळशी तशीच ठेवून त्या घरी आल्या. दगडावर नाव चढलं की माणूस मेला. मग कुंकवाचं काय? ठकुबाईंना सांगायची सोय नव्हती. तिचा एकुलता एक त्याच दगडावर जाणार होता आणि म्हातारी दिवस मोजत होती. मंजुळाबाई एकट्याच सरपंचांकडे गेल्या. हिंदुराव बैलगाडीत बसून चाकणच्या बाजाराला निघाले होते. “चावडीवर चिटणीसांना सांग, ते करतील,” म्हणाले आणि गेले.

चिटणीस सोपानराव परभणीकडचे, वाडीत नवे. कोण कुणाचं कोण, याची अजून ओळख व्हायची होती.

“यादीतलं एक नाव काडायचंय,” मंजुळाबाई म्हणाल्या.

“कोणाचं?”

त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. मालकांचं नाव त्यांनी आजवर तोंडातून काढलं नव्हतं. घेतलं तर आयुष्य कमी होतं म्हणतात. आणि जो माणूस आहे की नाही हेच कळत नाही, त्याच्या आयुष्यातलं कमी करायला उरलंय किती?

सोपानरावांच्या लक्षात आलं. “असू द्या वहिनी, आमच्याकडंही तसंच असतंय. मी एकेक वाचतो. आलं की नुसती मान हलवा.”

त्यांनी यादी आपल्याकडे धरून वाचायला घेतलं. दोन नावं गेली. तिसरं आलं, “ज्योतीराम.”

ज्योतीराम म्हणजे थोरले दीर. त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी मंजुळाबाई भिंतीआड व्हायच्या. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, पण नाव कानावर पडताच हात आपोआप पदराकडे गेला, पदर कपाळावर आला, मान खाली झाली.

“कळलं, कळलं,” सोपानराव हळुवार म्हणाले आणि त्यांनी रेघ मारली. “आता पुढचं वाचत नाही.”

मंजुळाबाईंना वाटलं, काय शहाणा माणूस. पुढचं नाव मालकांचं, ते ओळखून आपल्यासमोर उच्चारायचंसुद्धा टाळलं. त्या हलक्या पावलांनी घरी आल्या आणि ठकुबाईंसाठी गुळाच्या दशम्या केल्या. म्हातारीनं विचारलं, “आज काय गं?” त्या म्हणाल्या, “काय न्हाई, सहज.”

सव्वीस जानेवारीला दगडावरचं कापड काढलं. झेंडा झाला, भाषणं झाली, बाया फुलं घेऊन पुढे सरकल्या. गुरुजींच्या बायकोच्या, कुसुमताईंच्या, संध्याकाळच्या वर्गात मंजुळाबाई दोन वर्षं बसत होत्या. अक्षर दिसलं की ओठ हलायचे, तशी सवयच लागली होती. त्या वरून वाचू लागल्या. तिसऱ्या नावाशी ओठ थांबले.

को, डोक्यावर टिंब. डी. रा. म.

डोळे भराभरा खाली गेले, पुन्हा वर आले. ज्योतीराम कुठंच नव्हता. चावडीतला तो पदर, ती खाली गेलेली मान, सोपानरावांची रेघ, सगळं एकदम डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं.

तेवढ्यात ठकुबाईंनी मनगट धरलं. “तुला वाचाया येतंय न्हवं? माझं बोट ठिव त्याच्या नावावर.”

कुठल्याही ओळीवर ठेवलं असतं तरी चाललं असतं. म्हातारीला सगळी अक्षरं सारखीच. मंजुळाबाईंनी ते बोट उचललं, दगडापाशी नेलं, आणि पुढे नेववेना.

“हितं न्हाईत ते, आत्याबाई.”

“मग कुठं हाय?”

“कुठंच न्हाई. चूक झालीया. हितं... हितं कोंडीराम लिवलंय.”

शेजारच्या गवराबाईंनी तोंडावर हात घेतला. “मंजुळे, नाव घेतलंस गं.”

सोपानराव गर्दीतून पुढे आले. “त्यांनी पदर ओढला, मान खाली घातली... मला वाटलं हेच.”

“थोरल्या दिराच्या नावाला बाई पदर ओढणार न्हाई, तर काय टाळ्या वाजवणार?” आबाजी म्हणाले. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

ठकुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मनगट सोडलं. “तुझा जित्ता ऱ्हावा म्हणून माझा दगडावर बी नगं, व्हय गं?” एवढंच बोलल्या आणि हातातली फुलं तशीच घेऊन घरी निघाल्या.

त्या दिवसापासून म्हातारी आपली भाकरी आपण थापू लागली. त्याच चुलीवर, मंजुळाबाईंचं आटपल्यावर. समोरासमोर बसून दोघी जेवायच्या, पण बोलणं मांजराशी.

पंचायत बसली. पाथरवट भिमाजीनं दगड हातानं चाचपला. “खाली जागा न्हाई, वर न्हाई. एक नाव तासून खोल करायचं, त्या खोलगटात दुसरं कोरायचं. एवढंच व्हतंय.”

हिंदुराव म्हणाले, “मंजुळे, तू सांग. तुझ्या मालकाचं हाय.”

“काडा,” मंजुळाबाई म्हणाल्या. “मी तेवढ्यासाठीच आले व्हते.”

भिमाजी कामाला आला त्या सकाळी त्या शाळेपाशी गेल्या. ठकुबाई आधीच येऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. भिमाजीनं छिन्नी ‘को’वर ठेवली आणि हातोडा घातला. कपची उडाली. मंजुळाबाईंना वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. पण आवाज छातीत बसला. नवऱ्याचं नाव लिहिलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा याच दगडावर पाहिलं होतं. तारेच्या वेळी वाचता येत नव्हतं. आणि आता कुणीतरी त्याला डोळ्यांदेखत फोडत होतं, आणि ते आपणच सांगितलं होतं.

“थांबा,” त्या म्हणाल्या आणि तळहात नावावर दाबून धरला.

भिमाजीचा हातोडा वरच राहिला. त्यानं ठकुबाईंकडे बघितलं.

ठकुबाई म्हणाल्या, “ठिवायचं असंल तर ठिव. ज्योतीला दुसरा धोंडा बघू.” इतक्या दिवसांनी त्या मंजुळाबाईंशी बोलत होत्या.

मंजुळाबाईंचा तळहात दगडावर तसाच होता. अक्षरांच्या कडा हाताला टोचत होत्या.

“न्हाई,” त्या शेवटी म्हणाल्या. “ते आले आन् ह्ये बघितलं, तर मला काय म्हनतील? मार रं भिमाजी.”

हात काढून त्या जागच्या हलल्या नाहीत. एकेक अक्षर गेलं. दगडाची भुकटी केसांत, भुवयांवर, ओठांवर बसली. शेवटचा ‘म’ गेला तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. तोंड इतकं पांढरं झालं होतं की भिमाजीनं छिन्नी टाकून पाणी आणलं.

ठकुबाईंनी तांब्या त्याच्या हातातून घेतला. पदराचं टोक भिजवून त्या मंजुळाबाईंचे गाल पुसू लागल्या, मग डोळे, मग हनुवटी. कपाळाशी आल्यावर हात थबकला, आणि मग कुंकवाच्या भोवतीनं बेतानं फिरून गेला.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “ज्योतीचं कोरून हुईस्तवर दुपार व्हनार. दोघींचं पीठ मळून ठिवलंय मी.”