आईच्या जागेवर आकाशकंदील

त्या दिवाळीला भंडाऱ्याच्या बाजारातून मी सगळं आणलं आणि आईला तिथंच विसरून आलो.

दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली असती तर मी पोट धरून हसलो असतो. पण करामत माझीच. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी जवाहरनगरला कारखान्यात होतो, क्वार्टर मिळालं होतं आणि बोनस नुकताच हाती आला होता. सणाच्या खरेदीसाठी कारखान्याची बस आम्हाला दुपारी भंडाऱ्याला सोडायची आणि दिवेलागणीच्या आत परत आणायची. आई पवनीकडच्या आमच्या गावाहून दिवाळीसाठी आलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, जवळ आलेलं माणूसही तिला आवाजावरूनच कळायचं. तरी येताना नव्या धानाच्या लोंब्यांची भलीमोठी जुडी फडक्यात बांधून आणायला ती विसरली नव्हती. आमच्या घरची रीतच तशी. धान हाती आलं की पहिल्या लोंब्या देवाला वाहायच्या, प्रसादाची लोंबी दारावर टांगायची, आणि मगच सणासाठी काही विकत घ्यायचं.

ती जुडी घेऊन आम्ही आधी बाजारातल्या मारुतीच्या देवळाशी पोचलो तर दार बंद. पुजारी संध्याकाळी येणार होता. मी चुळबुळ करू लागलो. आई म्हणाली, "थांब नं बापू. वर्सभर त्यानं देल्लं, आपल्याच्यानं घडीभर बसवत नाई?"

मी म्हणालो, "तू बस येथं. मी आलोच." तिला ओट्यावर बसवलं आणि गर्दीत घुसलो.

मग मला काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. टेरिकॉटचं कापड घेतलं, फटाके घेतले, डालड्याचा डबा घेतला, बायकोला पाटल्यांसारख्या दिसणाऱ्या बांगड्या घेतल्या. शेवटी एक मोठा आकाशकंदील घेतला आणि तो चुरगळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत सुटलो. बसचा भोंगा वाजला तसा धावत जाऊन चढलो. शेजारच्या रिकाम्या जागेवर कंदील ठेवला. कुणी विचारलं, "येथं कोनी हाय का?" मी ठणकावून सांगितलं, "हाय, हाय!" ती जागा येताना आईची होती.

क्वार्टरवर बायकोनं दार उघडलं, पिशव्या उतरवून घेतल्या आणि माझ्या पाठीमागे पाहिलं. "सासूबाई कुठी हायेत?"

मी तसाच मागे वळलो. शेजाऱ्याची सायकल ओढून काढली आणि भंडाऱ्याचा रस्ता धरला. वाटेभर नको नको ते दिसत होतं. धड न दिसणारी म्हातारी, बाजाराची ती रेटारेटी, त्यातून बैलगाड्या आणि ट्रक. ती मला शोधायला ओट्यावरून उतरली असेल तर? मी देवाला हाका मारत होतो. त्याच्या बंद दारापुढून घाईनं निघून गेलेला माणूस मी, आता कोणत्या तोंडानं हाक मारणार, तेही कळत होतं. अर्ध्या वाटेत चेन तुटली. मी रस्त्याच्या कडेला मटकन बसलो आणि म्हणालो, "माझ्याच्यानं आता काही होत नाही. तूच सांभाळ तिला." आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःसाठी काही न मागता, कुठला नवस न बोलता, नुसते हात टेकले होते.

तेवढ्यात भंडाऱ्याकडून एक स्कूटर आली आणि थांबली. माणूस अनोळखी. "काय झालं, भाऊ?" एवढंच त्यानं विचारलं. मी तोंड उघडणार, तर त्याच्या खिशातून बाहेर डोकावणारी धानाची लोंबी मला दिसली.

"ही कुठून आणली?"

"मारुतीच्या देवळातून. एक आजी बसून हाय ओट्यावर. म्हने, घेनंदेनं करून राहिले, आंधी देवाले हात जोडा. सारा बाजार थांबून राहिला तिच्याफुडं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं विचारलं, "काहून, रडून काहून राहिले तुमी?"

मी सांगितलं. त्यानं सायकल जवळच्या चहाच्या टपरीवर ठेवायला लावली, स्कूटर वळवली आणि मला मागे बसवलं. चेन तिथंच का तुटली आणि तो तेव्हाच का आला, याचा हिशेब मी आजवर मांडलेला नाही.

बाजारात दिवे लागले होते. देवळाचं दार उघडं होतं, घंटा थांबत नव्हती, आणि ओट्यावर आई बसली होती, एखाद्या मानकरणीसारखी! कापडवाल्यानं तिच्याखाली सतरंजी टाकलेली, कुणी चहा आणून दिलेला. पिशव्यांनी लादलेली माणसं तिच्यापुढं थांबत, लोंब्या घेत, आत जाऊन वाहत, आणि प्रसादाची एक खिशात किंवा पदरात खोचून बाहेर पडत. घाईघाईनं आलेली माणसं सावकाश पावलांनी जात होती. माझ्या आईनं भंडाऱ्याचा दिवाळीचा बाजार थांबवून दाखवला होता!

मी तिच्या पायांवर पडलो. तिनं माझं डोकं चाचपलं. "आला का? जाय, आंधी आत जाऊन ये." तिनं माझ्यासाठी लोंब्या राखून ठेवल्या होत्या.

मी आत गेलो. मागण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. इतका भरलेला मी कधी कोणत्या दुकानातून बाहेर आलो नव्हतो. ज्याच्यासाठी मी धावत होतो ते सगळं मला आधीच मिळालेलं होतं, आणि मी नुसता ते देणाऱ्यापुढं बसायला तयार नव्हतो. आईला मी सांभाळतो, हा माझा भ्रम त्या संध्याकाळी गळून पडला. तेव्हापासून दिवाळीची पहिली पिशवी उघडण्याआधी मी देवापुढं बसतो. कितीही भोंगे वाजोत.

बाहेर आलो, तर ओट्याशेजारी पणत्या विकणारी बाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती. मग आईकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "आजी, हाच का तुमचा लेक? फुडच्या बारीले याले घरीच ठेवून येजा."